आगोगोंच्या चादरी

२ मे

विनफर्डच्या शाळेतल्या चार कोऱ्या हजेरीवह्या घरात पडून होत्या. त्यातली एक आज उघडली. डावीकडे मुलांच्या नावांचा रकाना आहे, तिथे तारीख घालीन.

बोलायला घरात कुणी नाही म्हणून लिहायचं. माझा नवरा विनफर्ड जाऊन दीड वर्ष होत आलं. आमच्या मुलाला, खुंबोला, तुरुंगात नेऊन आठ महिने झाले. मी शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले ती साबणाच्या खोक्यांवरून, आणि लग्नानंतर विनफर्ड मुलांच्या वह्या तपासायला बसायचा तेव्हा शेजारी बसून. आता त्याची पुस्तकं एकेक करून वाचते. कामावर हे कुणाला ठाऊक नाही. राजभवनाच्या लाँड्रीत घेताना त्यांनी विचारलं होतं, वाचता येतं का. मी नाही म्हटलं आणि अंगठा पुढे केला. तिथे वाचता न येणारीच बाई हवी होती.

बावीस वर्षं मी आगोगोंच्या चादरी धुते आहे. आगोगो म्हणजे आजोबा. राष्ट्राध्यक्षांना सगळा देश आगोगोच म्हणतो, दुसरं काही म्हणायची सोय नाही. ते आता ब्याण्णव वर्षांचे आहेत. मी कामाला लागले तेव्हा सत्तरचे होते आणि चादरींना फक्त दाढीच्या साबणाचा वास यायचा.

खुंबोचा गुन्हा इथे एकदाच लिहून टाकते. तो जिल्हा इस्पितळात वैद्यकीय अधिकारी होता. वॉर्डात किडनी गेलेला एक मासेमार पडून होता आणि इस्पितळात डायलिसिसचं यंत्र नव्हतं. त्याच्या बायकोला खुंबो म्हणाला, "यंत्र देशात आहे, पण ते आगोगोंच्या घरात आहे. त्यांची किडनी तुमच्या माणसाइतकीच गेलेली आहे." चार दिवसांनी त्याला उचलून नेलं. राष्ट्राध्यक्षांचं मरण चिंतलं म्हणून तीन वर्षं.

कोर्टात त्याला विचारलं, हे तुला कुणी सांगितलं. तो म्हणाला, टीव्हीवर त्यांचे सुजलेले पाय दिसले, त्यावरून मीच ओळखलं.

मी सांगितलं होतं. ताणून सैल झालेले मोजे, उशीवरचे रक्ताचे थेंब, आणि तो वास, जो शेवटच्या महिन्यात विनफर्डच्या अंथरुणाला येत होता. जेवताना सहज सांगून गेले होते. त्याने माझं नाव घेतलं नाही.

९ मे

आज तीन चादरी. रक्त असलं की आधी थंड पाणी, गरम पाणी लावलं तर डाग कायमचा बसतो. मग साबण, मग ऊन. वाळली की दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री. आमच्याकडे ओल्या कपड्यांवर माशी अंडी घालते, ती इस्त्रीत मेली नाहीत तर अळी माणसाच्या कातडीखाली शिरते. सबंध देशाचे मंत्री ज्यांना घाबरतात त्यांना त्या माशीपासून वाचवायचं काम माझं. इस्त्री झाली की चादरीची चारपदरी घडी, वरून पुन्हा इस्त्री. माझ्या घडीची रेघ सुरीसारखी असते.

मासोझी माझ्याबरोबर लाँड्रीत आहे, पंचवीस वर्षांची. विमानातून परत आलेल्या चादरी तारेवर टाकत म्हणाली, "मावशी, या चादरी तीनदा परदेशी जाऊन आल्या. मी अजून तळ्यापलीकडेसुद्धा गेले नाही."

"हळू बोल."

"चादरींबद्दल बोलतेय मी. चादरींबद्दल बोललं तरी धरतात का?"

तिला खुंबोबद्दल माहीत आहे, नंतर तिचं तिलाच वाईट वाटलं असावं, दुपारी तिने मला अर्धं रताळं दिलं.

मला आगोगोंचा राग यायला हवा. विनफर्डला मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा तिथलं यंत्र बिघडलं होतं, आणि ते दुरुस्त करणारा माणूस राजभवनात बसून होता, आगोगोंच्या यंत्राजवळ. अकरा दिवसांनी विनफर्ड गेला. त्याचं अंथरूण मीच नदीवर नेऊन धुतलं. मेलेल्याचं अंथरूण जी धुते तिने पुढचा महिनाभर कालवणात आपल्या हाताने मीठ घालायचं नसतं, नाहीतर जेवणाऱ्यांच्या छातीत रोग शिरतो. खुंबो शिकलेला, असल्या गोष्टींवर हसणारा. पण तो महिनाभर रोज भांड्यापाशी यायचा आणि मीठ घालून जायचा. एकदाही हसला नाही.

राग घरी येतो. चादर हातात असते तेव्हा येत नाही. तेव्हा ती एका म्हाताऱ्या आजारी माणसाची चादर असते.

१७ मे

तुरुंगात गेले होते. मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा, घेवडा आणि सुके मासे नेले. शिपायाने मासे बोटाने उलटेपालटे केले, दोन उचलले.

खुंबो जाळीपलीकडे आला तेव्हा मी आधी त्याच्या मागे पाहत राहिले, खुंबो कुठे आहे म्हणून. खोकला लागला आहे. मी विचारलं, औषध देतात का. तो म्हणाला, "आम्ही एका खोलीत एकशे चाळीस आहोत. आळीपाळीने कुशीवर झोपतो. औषध कुणाकुणाला देतील?"

मग त्याने सांगितलं, बारा जूनला प्रजासत्ताकाचा दिवस, त्याआधी आगोगो दयेची यादी काढतात. जेलरने यादीत त्याचं नाव धाडलं आहे. सही मात्र आगोगोंनी स्वतः करायला हवी, दुसऱ्या कुणाची चालत नाही.

"सही करतील का?"

"हात उचलत असेल तर करतील. यादी कुठे वाचतात ते." मग हसला, हसता हसता खोकला. "आई, इस्त्री नीट करत जा. म्हाताऱ्याला एक महिना टिकव."

घरी येताना चर्चच्या बाकावर बसले आणि आगोगोंच्या तब्येतीसाठी प्रार्थना केली. गेले आठ महिने मी दुसरीच प्रार्थना करत होते. देवाला हे कसं दिसत असेल कुणास ठाऊक.

२३ मे

आगोगो परदेशातून उपचार करून आले. रेडिओवर म्हणाले, विश्रांती घेऊन आले. आम्हा बायकांना विमानतळावर नाचायला नेलं. पक्षाचं कापड नेसून जावं लागतं, त्यावर आगोगोंचा चेहरा छापलेला. चेहरा बसण्याच्या जागेवर येऊ नये म्हणून कापड सांभाळून गुंडाळायचं, गेल्या वर्षी एका बाईला त्यावरून दंड झाला. कापडावर आगोगो अजून पन्नास वर्षांचे आहेत.

दोन तास विमानाचं दार उघडलं नाही. आम्ही गात राहिलो. मग पडदे लावलेली एक गाडी विमानामागून निघाली आणि काच थोडी खाली होऊन पांढरा हातमोजा हलला.

"हात कुणाचा होता?" मासोझीने नाचता नाचता विचारलं.

"गप नाच."

२८ मे

पाच दिवस लिहायला झालं नाही. रोज सहा-सहा चादरी येतात. आगोगोंच्या खोलीच्या सगळ्या कापडांची जबाबदारी न्याझिम्बावर आहे. ती माझ्याच गावाकडची, चाळीस वर्षं त्या घरात आहे. आधी गठ्ठे नोकराच्या हाती पाठवायची, आता स्वतः घेऊन येते. आज गठ्ठा ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली.

"न्यागोंद्वे, तुझा नवरा शेवटी बोलत होता का गं?"

"नाही. तीन दिवस नुसता श्वास होता."

"असं का." म्हणाली आणि गेली.

पंधरा दिवस. बारा जूनला पंधरा दिवस आहेत.

३० मे

देवाने ऐकलं असं वाटतं. काल सकाळपर्यंतच्या चादरी पाहवत नव्हत्या. आजच्या दोन चादरी स्वच्छ आहेत. डाग नाही, वास नाही. एका जागी झोपले असावेत, माझ्या घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नाहीत. ताप उतरला की लहान मूल असं झोपतं.

एक चादर कमी आहे. बारा चादरी फिरतीवर असतात, कोपऱ्यात निळा दोरा घातलेल्या. अकराच भरतात. काल सकाळी मी बारावी धुऊन वर पाठवली होती, ती खाली आलेली नाही. न्याझिम्बाला विचारलं तर म्हणाली, "मोजायला चुकलीस."

मी चुकत नाही, पण आजच्या दिवशी कशाला वाद घाला.

२ जून

स्वच्छ चादरी, चौथा दिवस. आज न्याझिम्बा आली तेव्हा मी म्हटलं, "आगोगोंना बरं वाटतंय ना आता?"

तिने दाराकडे पाहिलं. "तुला कोण म्हणालं?"

"चादरी म्हणतात. घडीच्या रेघा तशाच आहेत."

मग म्हणाली, "हो. पुष्कळ बरं आहे." चादरीवरून हात फिरवून तिने ती रेघ पुसल्यासारखी केली.

बिचारी फार थकली आहे. चाळीस वर्षं एका माणसाची उस्तवार करणं काही सोपं नाही.

४ जून

आगोगो जेवायला लागले. आजच्या चादरी चुरगळलेल्या होत्या, आणि एकीवर पेजेचा मोठा डाग होता, शेंगदाण्याचं कूट घातलेली पेज. त्यांना डॉक्टरांनी शेंगदाणा बंद केल्याला चार वर्षं झाली. खाऊ देत. इच्छा होतेय हेच मोठं.

मासोझी म्हणाली, "मावशी, हा डाग वरून ओतल्यासारखा आहे. भरवताना सांडलेली पेज अशी गोल पडते का?"

"तू किती म्हाताऱ्यांना भरवलंस?"

"एकालाही नाही."

"मग धू."

स्वयंपाकघराकडे बर्फाची गाडी आली होती, आज तिसऱ्यांदा. आमच्याकडे जून म्हणजे ऐन थंडी, आम्ही बोटं फुंकत धुणं धुतो आणि यांना बर्फ लागतो. प्रजासत्ताकाच्या दिवसाला परदेशी पाहुणे येणार असतील.

७ जून

दुपारच्या बातम्यांत सांगितलं, आगोगोंनी आज हुकूम काढून गृहमंत्री काफुला यांना उपराष्ट्राध्यक्ष नेमलं. ही जागा अकरा वर्षं रिकामी होती. आगोगो सकाळी बागेत फिरले आणि नंतर फायली पाहत बसले असंही सांगितलं.

काफुलाच्याच खात्याने खुंबोला उचललं होतं. पण मला आज त्यातलं एवढंच ऐकू आलं, की आगोगो सह्या करताहेत.

९ जून

दयेच्या यादीवर सही झाली. रेडिओवर नावं वाचली. मी इस्त्री आडवी ठेवून उभी होते, चादरीचा एक कोपरा जळला. नावं जिल्ह्यांप्रमाणे होती, आमचा जिल्हा शेवटून दुसरा. खुंबो गोंद्वे विनफर्ड असं उलटसुलट वाचलं, पण वाचलं.

मासोझी मला धरून नाचली. न्याझिम्बा दारात होती. तिला म्हटलं, "आगोगोंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या हाताला देव बळ देवो."

तिने तोंड फिरवलं. रडत होती. तिला मूलबाळ नाही, पण खुंबोला तिने लहानपणी कडेवर घेतलेलं आहे.

१२ जून

खुंबो घरी आला. शर्टाच्या आत दुसरा माणूस मावेल. आंघोळीला तीन बादल्या पाणी तापवलं. पाठीवर खरजेचे व्रण आहेत. मी पाणी ओतत होते आणि तो लहानपणी बसायचा तसा गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

परेड झाली. आगोगो आले नाहीत. त्यांचं भाषण काफुलाने वाचलं.

कोंबडी केली होती. चार घास खाऊन खुंबो म्हणाला, "पोट लहान झालंय, आई. वाढेल हळूहळू." इस्पितळातून निरोप आहे, दया झाली असल्यामुळे पुढल्या महिन्यात कामावर परत घेतील.

रेडिओवर भाषण पुन्हा लागलं तेव्हा त्याने उठून तो बंद केला, आणि मग लगेच पुन्हा लावला. म्हणाला, शेजारी ऐकतात, आपण बंद केला असं वाटायला नको.

१४ जून

रविवार असल्यामुळे सकाळपासून रेडिओवर भजनं लागली होती, कुणाला वेगळं वाटलं नाही. बारा वाजता सांगितलं, आगोगो आज पहाटे गेले. घरच्यांच्या सोबतीत, शांतपणे.

मला रडू आलं. का ते माहीत नाही. बावीस वर्षं. आणि त्यांनी माझा मुलगा सोडला होता, जवळजवळ शेवटचं काम म्हणून.

खुंबो दारात बसून होता. म्हणाला, "ब्याण्णव. विनफर्ड गोंद्वे एकसष्ट."

१५ जून

न्याझिम्बाने गठ्ठा दिला. म्हणाली, "कालच्या पहाटेचं अंथरूण आहे. एकटीनेच धू. मासोझीला सुट्टी दिली आहे मी."

मी थंड पाण्यात घातलं. तासाभराने पाहिलं, पाणी स्वच्छ होतं.

आदल्या दिवशीचं रक्त थंड पाण्यात सुटतं, पाणी गुलाबी होतं. हे सुटेना. डाग काळा, कडक, नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. कोपरा उलटून पाहिला. निळा दोरा. मी चादरी मोजल्या. आज बारा भरल्या.

एकोणतीस मेला सकाळी वर पाठवलेली.

मी हौदाच्या कडेला बसले. मग रेघा आठवल्या. पेज आठवली, ती तर माझ्याच बोलण्यावरून सांडली असणार. बर्फ आठवला. न्याझिम्बा आत आली तेव्हा मी चादर हातात धरून होते. तिने चादरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काफुलाच्या माणसांनी मला दार लावून आत बसवलं होतं, गठ्ठा आणण्यापुरतं सोडायचे, न्यागोंद्वे," ती म्हणाली. "सोळा दिवस. मी आगोगोंशी बोलत बसायचे. दुसरं करणार काय?"

मी विचारलं, "सही कुणी केली?"

"कुठली?"

"यादीवरची."

"शिक्का आहे सहीचा. काफुलाच्या माणसाकडे. तुझ्या मुलाचं नाव खाली होतं, तो खोडणार होता, मी त्याला म्हटलं, एवढं एक राहू दे." मग म्हणाली, "सोडा घाल. नाहीतर डाग निघायचा नाही."

सोडा घातला. डाग पूर्ण गेला नाही.

संध्याकाळी भोपळ्याच्या पाल्याचं कालवण केलं. मीठ घातलं नाही. खुंबो गुपचूप जेवला. तुरुंगात घेवड्याला मीठ नसायचं, त्याला कळलं नसावं.

२० जून

काल दफन झालं. सतरा देशांचे अध्यक्ष आले होते, रेडिओवर एकेकाचं वय ऐकून खुंबो म्हणाला, "ही दफनविधीची रांग आहे की दवाखान्याची?" घरी आल्यापासून पहिल्यांदा त्याने असं काही म्हटलं. पण म्हटलं ते कुजबुजत.

आज एक वकीलबाई घरी आल्या, सिंगिनी नावाच्या. खुंबो इस्पितळात छाती दाखवायला गेला होता. त्या चटईवर माझ्यासमोर बसल्या, खुर्ची नको म्हणाल्या. आगोगो नक्की कधी गेले यावर कोर्टात अर्ज आहे, एका निवृत्त न्यायमूर्तींपुढे चौकशी सुरू झाली आहे. राजभवनातल्या माणसांना बोलावताहेत.

"आई, ते सात तारखेच्या आधीच गेले असतील, तर काफुलांना नेमणारा हुकूम खोटा ठरतो. मग त्यांना राष्ट्राध्यक्ष होता येणार नाही आणि निवडणूक घ्यावी लागेल. डॉक्टर बोलत नाहीत, ते देश सोडून गेले. पण चादरी कुणीतरी धूत होतंच ना?"

"हो. मी."

"मग तुम्हाला कळलं असेल."

मी विचारलं, "हुकूम खोटा ठरला तर बाकीच्या सह्यांचं काय?"

"त्या तारखेनंतरची प्रत्येक सही खोटी."

"प्रत्येक?"

"प्रत्येक. कायद्यात यातलं एक घेऊ आणि दुसरं सोडू असं करता येत नाही." त्यांना खुंबोबद्दल माहीत नव्हतं. दोरीवर त्याचा तुरुंगातला शर्ट वाळत होता, त्याकडे त्यांची पाठ होती.

जाताना म्हणाल्या, "तुम्ही कुठे काही लिहून ठेवता का? तारखा वगैरे?"

"मला लिहिता येत नाही," मी म्हटलं.

वही विनफर्डच्या पुस्तकांमागे होती, त्यांच्या डोक्यापासून हातभर लांब.

२१ जून

खुंबोच्या छातीत क्षय निघाला. गोळ्या इस्पितळात महिन्याने येतील म्हणाले. तुरुंगात तर येणारच नाहीत.

एकशे चाळीस माणसं, आळीपाळीने कुशीवर.

२४ जून

चौकशी शाळेच्या सभागृहात होती. भिंतीवर आगोगोंची तसबीर, तिला काळी फीत. मागच्या बाकांवर काफुलाची माणसं बसली होती, पण मी त्यांना भ्यायले असं लिहिणं खरं होणार नाही. मी त्यांच्यासाठी गेले नव्हते.

माझ्या आधी न्याझिम्बाची साक्ष झाली. बाहेर येताना तिने माझ्या दंडाला हात लावला.

न्यायमूर्तीही ऐंशीच्या पुढचे आहेत. कागद डोळ्यांजवळ धरून वाचतात. त्यांनी विचारलं, "बाई, मे महिन्याच्या अखेरीनंतर तुमच्याकडे चादरी येत होत्या?"

"रोज, साहेब."

"वापरलेल्या?"

"चुरगळलेल्या असायच्या. चार जूनला एकीवर पेज सांडलेली होती."

"कसली पेज?"

"शेंगदाण्याची."

हे सगळं खरं होतं. सिंगिनीबाई उभ्या राहिल्या. "आई, आपण देवाची शपथ घेतली आहे. बावीस वर्षं तुम्ही त्या माणसाच्या चादरी धुतल्यात. तुम्हाला काय वाटलं? त्या चादरींवर जिवंत माणूस झोपत होता?"

त्या उत्तरासाठी थांबल्या. मला विनफर्डच्या वर्गाची आठवण झाली, तो प्रश्न विचारून असाच थांबायचा, उत्तर येईपर्यंत कितीही वेळ.

"हो," मी म्हटलं. "तेरा जूनपर्यंत."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. रागाने नाही. मग कागद गोळा केले.

२६ जून

न्यायमूर्तींनी निकाल दिला. मृत्यू चौदा जून, पहाटे. काफुलाने संध्याकाळी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. मासोझी आज कामावर माझ्याशी बोलली नाही. दुपारी तिचं रताळं घेऊन बाहेर जाऊन बसली.

२७ जून

दुपारी जेवायला बसलो. न्सिमा आणि पाल्याचं कालवण. खुंबोने एक घास घेतला आणि म्हणाला, "आई, मीठ नाही."

"विसरले."

"बारा दिवस?"

मी त्याच्या ताटात आणखी कालवण वाढलं.

"आधी मला वाटलं, तुरुंगात माझी जीभ गेली," तो म्हणाला. "मग परवा शेजारी खाल्लं. जीभ ठीक आहे. कुणाचं अंथरूण धुतलंस?"

"तुला माहीत आहे कुणाचं."

"मग त्यात लपवायचं काय? पंधराला धुतलंस तर पंधरालाच सांगायचंस, मीठ घाल म्हणून. बाबांच्या वेळी घालतच होतो ना मी." त्याने हातातला घास खाली ठेवला. "कधी गेला तो?"

मी सांगितलं. त्याने बोटांवर मोजलं. नऊ जूनपर्यंत अकरा होतात. अकराव्यावर बोट तसंच राहिलं.

"म्हणजे मला मेलेल्या माणसाने सोडलं."

"सोडलं ना?"

"आणि काफुलाला त्यानेच बसवलं."

"हो."

"आणि तू त्या दिवशी चौकशीत उभी राहून..."

"हो, खुंबो."

मी वाट पाहिली. वॉर्डात मासेमाराच्या बायकोला जो सांगत होता तो खुंबो आता उठेल, सदरा घालेल, सिंगिनीबाईंचं घर विचारत जाईल, असं मला वाटत होतं. त्याला अडवायचं नाही असंही मी ठरवून ठेवलं होतं. तो खोकला. खोकला थांबल्यावर त्याने उघड्या दाराकडे पाहिलं, उठून ते लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, "आणखी कुणाला माहीत आहे?"

"न्याझिम्बाला."

"ती बोलणार नाही." मग परत येऊन बसला. "बरं झालं."

विनफर्डला एकही दिवस कुणी वाढवून दिला नाही. आगोगोंना मी सोळा दिवस दिले, आणि ते ज्याच्यासाठी दिले तो दार लोटून माझ्यासमोर न्सिमा खात होता.

मग तो उठला, फळीवरचा मिठाचा डबा आणला, चिमूट घेतली, माझ्या ताटात घातली, आपल्या ताटात घातली, आणि उरलेल्या कालवणात घालून पळीने ढवळलं. म्हणाला, "महिना होईपर्यंत मी घालत जाईन."

मीठ बरोबर पडलं होतं. आम्ही जेवलो.